समुद्रतळाच्या गाळातून जुनी थंडी कशी मोजायची: इओसीन–ऑलिगोसीन संक्रमणाचं उदाहरण घेऊन

सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, इओसीन संपून ऑलिगोसीन सुरू होताना, अंटार्क्टिकावर पहिल्यांदा खंड व्यापेल इतका बर्फ साठला. त्या काळातल्या समुद्राच्या गाळात फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची कॅल्साइटची कवचं सापडतात. खोल तळावर राहणाऱ्या फोरामांच्या कवचांत जड ऑक्सिजनचं, म्हणजे ऑक्सिजन-१८ चं, प्रमाण या संक्रमणात दर हजारी सुमारे १.५ नं वाढलेलं दिसतं. त्या वाढीतला वाटा थंडीचा किती आणि बर्फाचा किती, हे वेगळं काढणं म्हणजेच खरं काम. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

अडचण अशी की पाणी थंड झालं की कवचात ऑक्सिजन-१८ जास्त बसतो. तळाच्या थंड पाण्यात ढोबळमानानं ४ अंश सेल्सिअसला दर हजारी १. पण ध्रुवावर बर्फ साठला तरी तो वाढतोच, कारण हलका ऑक्सिजन-१६ वाफेबरोबर जास्त जातो, बर्फात अडकतो आणि समुद्रात जड ऑक्सिजनचा वाटा चढतो. समुद्रपातळी १० मीटर उतरली की साधारण ०.१ ची वाढ.

आता हिशेब करून पाहा. सगळी १.५ वाढ थंडीची मानली तर तळाचं पाणी ६ अंशांनी उतरायला हवं. सुरुवात ५ अंशांपासून धरली तर ते उणे १ ला पोचतं. आज दोन्ही ध्रुवांवर बर्फ असताना पॅसिफिकच्या तळाशी पाणी १ ते २ अंशांवर आहे. त्याहून गार पाणी तेव्हा होतं हे पटत नाही. सगळी वाढ बर्फाची मानली तर समुद्रपातळी १५० मीटर उतरायला हवी. आजचा अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तरी पाणी ६० मीटरच्या आसपासच चढेल, म्हणजे हेही जमत नाही. तेव्हा दोन्ही घडलं, आणि तापमानाचा दुसरा, स्वतंत्र पुरावा त्याच गाळातून, शक्यतो त्याच कवचांतून, मिळवावा लागतो.

गाळ निवडताना

जागा चुकली तर पुढची प्रयोगशाळेतली मेहनत वाया जाते, म्हणून इथे घाई नको. या संक्रमणाचा सर्वांत गाजलेला गाभा (तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा दंडगोल) म्हणजे विषुववृत्तीय पॅसिफिकमधला, ओडीपी या समुद्रतळ खोदण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा १२१८, २००१ साली सुमारे ४.८ किलोमीटर पाण्याखालून काढलेला. त्यात सगळे थर सलग आहेत. पण इओसीनच्या भागात कॅल्साइट जवळजवळ नाही, कारण तेव्हा ती जागा कॅल्साइट विरघळून जाण्याच्या खोलीच्याही खाली होती. संक्रमणात ही खोली एक किलोमीटरहून जास्त खाली सरकली आणि पांढरा चुनखडी गाळ एकाएकी दिसू लागला. हेलन कॉक्सॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की हा बदल सुमारे ४०,००० वर्षांच्या दोन पायऱ्यांत झाला आणि त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये सुमारे २ लाख वर्षांचा सपाट टप्पा होता. पायऱ्या आणि कालक्रम समजून घ्यायला हा गाभा उत्तम. तापमानासाठी मात्र तोच गाभा फसवू शकतो. त्याचं कारण मॅग्नेशियमच्या भागात येईल.

तापमानासाठी हवी काचेसारखी कवचं. टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जमिनीवरूनच छिद्रं पाडून काढलेल्या चिकणमातीत, टांझानिया ड्रिलिंग प्रोजेक्टच्या (टीडीपी) ११, १२ आणि १७ या गाभ्यांत, ती मिळाली. चिकणमातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून कवचांचं पुन्हा स्फटिकीकरण झालं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली असं कवच पारदर्शक, ओलसर चमकीचं दिसतं. पुन्हा स्फटिकलेलं कवच साखर भुरभुरल्यासारखं पांढरं आणि मंद दिसतं. डोळ्याला हा फरक ओळखायची सवय लागणं फार महत्त्वाचं आहे.

ओडीपी आणि त्याच्यानंतर आलेल्या आयओडीपीचे गाभे जगातल्या तीन मोठ्या भांडारांत ठेवलेले आहेत: हिंदी महासागराचे जपानमधल्या कोचीला, अटलांटिकचे ब्रेमेनला, १२१८ सारखे पॅसिफिकचे टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशनला. नमुन्यासाठी अर्ज करताना जातींची नावं, लागणारी कवचांची संख्या आणि नमुन्यांमधलं अंतर यांचा मेळ दाखवा. एका नमुन्याला १५ ते २० घन सेंटिमीटर गाळ पुरतो. अंतर ठरवायचा सोपा नियम असा: गाळ हजार वर्षांना १ सेंटिमीटर साठत असेल आणि ४०,००० वर्षांचं आवर्तन पकडायचं असेल, तर एका आवर्तनात किमान ८ ते १० नमुने हवेत, म्हणजे दर ४–५ सेंटिमीटरला एक. त्याहून दाट घेऊन फारसा लाभ नाही, कारण तळावरचे किडे वरचा काही सेंटिमीटरचा थर सतत कालवत असतात.

हात बसवायला मात्र ३ कोटी वर्षांचा गाळ वाया घालवू नका. अरबी समुद्रातल्या तरुण गाळातल्या ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर या तरंगत्या जातीवर सराव करा. हिमयुगातली थंडी त्यात दिसते, आणि गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या गाळावर अनेक वर्षांचं काम झालेलं असल्यानं स्वतःचे आकडे ताडून पाहता येतात. पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळात दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली स्मेक्टाइट चिकणमाती भरपूर असते, तीही कप्प्याकप्प्यांत घट्ट बसलेली. तेवढी निघाली तर टांझानियाची चिकणमाती निघणार याची खात्री बाळगा.

धुणं

सेंद्रिय रेणूंसाठी लागणारा भाग आधीच वेगळा काढा, शीतशुष्क करा (गोठवून निर्वातात वाळवा) आणि अॅल्युमिनियमच्या कागदात ठेवा. प्लास्टिकमधून येणारे रेणू पुढे क्रोमॅटोग्राफवर त्रास देतात. उरलेला भाग ओव्हनमध्ये ४० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि वजन नोंदवा.

एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घ्या, अमोनियाच्या थेंबांनी पीएच ८ पर्यंत आणा आणि त्यात नमुना भिजवून हलवणाऱ्या टेबलावर दोन-तीन तास ठेवा. पीएचकडे दुर्लक्ष करू नका. नुसतं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्ल होतं आणि त्यात नमुना दोन दिवस राहिला तर पातळ भिंतींची कवचं झिजायला लागतात. ढेकळं फुटत नसतील तर वाळवा, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. दोन-तीन फेऱ्यांत चिकणमातीही सुटते. ढेकळं फोडायला नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका, ते आम्ल होऊन कवच खातं.

मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या फवाऱ्यानं धुवा. बोटानं चोळू नका. खालचं पाणी निवळ येईपर्यंत धुवत राहा, शेवटचा हात डीआयोनाइज्ड पाण्याचा द्या, नाहीतर नळाच्या पाण्याचे क्षार कवचावर बसतात. पुन्हा ४० अंशांवर वाळवून वजन घ्या. मूळ वजनाच्या किती टक्के भाग चाळणीवर राहिला हा आकडा फुकट मिळतो आणि कवचं विरघळली आहेत का याची पहिली चाहूल देतो.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवा. जाळीत अडकून राहिलेलं आधीच्या नमुन्याचं कवच निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात आलं तरी लगेच ओळखू येतं. हे पाऊल वगळलेल्या नमुन्यांवर विश्वास ठेवायचं कारण नाही, कारण पाच कवचांच्या मापनात एक उपरं कवचही पुरेसं नुकसान करतं.

पिकिंग (कवचं वेचणं)

वाळलेला भाग १५०, २५० आणि ३५५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून काढा. तरंगत्या जाती २५० ते ३५५ मध्येच निवडा, तळवासी जाती १५० च्या वर. आकाराचा पट्टा बदलला की कवचाचं रसायनही बदलतं: लहान कवच आणि मोठं कवच वेगळ्या खोलीत, वेगळ्या ऋतूत वाढलेलं असू शकतं.

काळ्या ट्रेमध्ये नमुना विरळ पसरा आणि ओलसर ००० नंबरच्या ब्रशनं एकेक कवच उचला. तळवासींमध्ये सिबिसिडॉइडीस ऑक्सिजनसाठी घ्या. ती गाळावर राहते आणि तिचं कवच पाण्याशी समतोलाच्या जवळ असतं. मॅग्नेशियमसाठी ओरिडॉर्सालिस उम्बोनेटस जास्त सोयीची, कारण ती गाळाच्या आत राहते आणि तिथल्या पाण्यात कार्बोनेटचा चढउतार तळावरच्या पाण्यापेक्षा कमी असतो. दोन जाती एका कुपीत कधीही मिसळू नका. तपकिरी, झिजलेली, इतरांपेक्षा वेगळ्या रंगाची कवचं बहुधा जुन्या थरातून वाहून आलेली असतात. ती बाजूला काढा. मॅग्नेशियमसाठी निवडलेली कवचं डिंक लावलेल्या स्लाइडवर चिकटवू नका.

दर काही नमुन्यांमागे पाच-सहा कवचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एक कवच सुईनं फोडा आणि भिंतीचा छेद ५,००० पटीनं मोठा करून बघा. मूळ भिंत असेल तर मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची दाट वीण दिसते. कडा तीक्ष्ण असलेले मोठे स्फटिक दिसले तर कवच तळावर पुन्हा स्फटिकलेलं आहे. तरंगत्या जातींच्या बाबतीत हे फार घातक, कारण नवं कॅल्साइट तळाच्या गार पाण्याशी जुळवून घेतं. उष्ण कटिबंधाचं पृष्ठपाणी मग होतं त्यापेक्षा थंड भासतं आणि संक्रमणातली खरी थंडीही पुसट होते.

ऑक्सिजन

ही पायरी यंत्राच्या अंगवळणी पडलेली आहे. प्रत्येक नमुन्यातून २ ते ५ तळवासी कवचं, एकूण ५० ते १०० मायक्रोग्रॅम घ्या, मेथॅनॉलमध्ये काही सेकंद अल्ट्रासॉनिक करा, वाळवा आणि ७० अंशांवर फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघणारा कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजा. एनबीएस-१९ किंवा आता त्याच्या जागी आलेलं आयएईए-६०३ हे प्रमाणित कॅल्साइट मधूनमधून मोजत राहा. एनबीएस-१९ साठी ऑक्सिजनचा आकडा उणे २.२० येत नसेल तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाजूला ठेवा. चांगलं यंत्र ०.०८ च्या आत अचूकता देतं. दहा टक्के नमुने दुबार मोजा.

मॅग्नेशियम

कॅल्साइट तयार होताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम बसतं आणि पाणी जितकं गरम तितकं ते जास्त बसतं. तरंगत्या जातींत अंशाला सुमारे ९ टक्के. समुद्रातल्या बर्फाशी याचा थेट संबंध नाही, म्हणून ऑक्सिजनचा गुंता इथे सुटतो. पण मॅग्नेशियम चिकणमातीतही असतं, आणि कवचापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे सगळी लढाई स्वच्छतेची आहे.

एका नमुन्याला ३०० ते ५०० मायक्रोग्रॅम कवचं घ्या. दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून इतकंच दाबा की प्रत्येक कप्पा उघडेल. पावडर झाली तर निम्मा नमुना पाण्याबरोबर निघून जातो. तुकडे आम्लानं धुतलेल्या अर्ध्या मिलिलिटरच्या कुपीत घाला, ५०० मायक्रोलिटर अतिशुद्ध पाणी टाका आणि एक मिनिट अल्ट्रासॉनिकमध्ये धरा. पहिल्या फेरीत कुपीत दुधट ढग उठतो. तुकडे खाली बसायला अर्धं मिनिट थांबा, ढग तरंगत असतानाच पिपेटनं वरचं पाणी ओढून घ्या. जास्त थांबलात तर चिकणमातीही खाली बसते आणि फेरी फुकट जाते. पाण्याच्या पाच फेऱ्या, मग २५० मायक्रोलिटर मेथॅनॉलच्या दोन. मेथॅनॉल पाण्यापेक्षा पातळ असल्यानं भेगांत दडलेली चिकणमाती तेच बाहेर काढतं. पुन्हा पाण्यानं धुवा.

सेंद्रिय पदार्थ जाळण्यासाठी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटरमध्ये ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे १०० मायक्रोलिटर मिसळा. हे द्रावण त्याच दिवशी बनवा. कुपीत २५० मायक्रोलिटर घालून उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. मधूनमधून कुपी टेबलावर आपटा, नाहीतर बुडबुडे तुकड्यांना वर धरून ठेवतात आणि अर्धा भाग धुतलाच जात नाही. हे दोनदा करा. तुकडे नव्या कुपीत हलवा, ०.००१ मोलर नायट्रिक आम्लात अर्धं मिनिट खळबळा, धुवा आणि शेवटी ०.०७५ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवा. सेंट्रिफ्यूज करून तळाचे ५० मायक्रोलिटर सोडून वरचंच द्रावण घ्या. सिलिकेटचे उरलेले कण त्या तळात असतात.

मँगनीजचा लेप असलेल्या कवचांसाठी हायड्रेझिन आणि अमोनियम सायट्रेट वापरून एक जादा पायरी करतात. हायड्रेझिन अत्यंत विषारी आहे, फ्यूम हूडबाहेर त्याची बाटली उघडू नका. शिवाय सायट्रेट कवचही थोडं विरघळवतं आणि गुणोत्तर साधारण दहा टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे एका अंशाहून जास्त. म्हणून ही पायरी एक तर सगळ्या नमुन्यांना द्या, नाहीतर एकालाही नको.

मापनात मॅग्नेशियमबरोबर अॅल्युमिनियम, लोह आणि मँगनीजही मोजा. अॅल्युमिनियमचं कॅल्शियमशी गुणोत्तर मोलला १०० मायक्रोमोलच्या वर गेलं तर तो नमुना बाद. त्याच्या खाली असलेल्यांचाही मॅग्नेशियम विरुद्ध अॅल्युमिनियम असा आलेख काढा. ठिपके एका तिरक्या रेषेत उभे राहिले तर चिकणमाती अजून आत आहे.

स्वच्छ आकडा हाती आला तरी दोन गोष्टी फसवतात. पहिली कार्बोनेटची. कॅरोलाइन लिअर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तळवासी कवचांतलं मॅग्नेशियम मोजलं तेव्हा या संक्रमणात थंडी दिसलीच नाही, आणि ऑक्सिजनची जवळजवळ सगळी वाढ बर्फाच्या खात्यात गेली. पण त्याच वेळी कॅल्साइट विरघळण्याची खोली किलोमीटरभर खाली सरकत होती, तळाच्या पाण्यात कार्बोनेट वाढत होतं, आणि कार्बोनेट वाढलं की कवचात मॅग्नेशियम जास्त बसतं. थंडीनं ओढलेलं मॅग्नेशियम कार्बोनेटनं परत भरून काढलं. २००८ मध्ये त्यांच्याच गटानं टांझानियाची उथळ पाण्यातली काचेसारखी कवचं मोजली आणि पृष्ठपाणी सुमारे २.५ अंशांनी थंड झाल्याचं दिसलं. म्हणून खोल जागेवर काम करायचंच असेल तर त्याच द्रावणातून लिथियम किंवा बोरॉनचं कॅल्शियमशी गुणोत्तरही घ्या आणि गाळातल्या कॅल्शियम कार्बोनेटची टक्केवारी शेजारी ठेवा. कार्बोनेटची पायरी आणि मॅग्नेशियमची स्थिरता एकाच सेंटिमीटरवर दिसली तर “थंडी नाही” असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी गोष्ट समुद्राच्या पाण्याची. आज समुद्रात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या ५.२ पट आहे. इओसीनच्या शेवटी ते बरंच कमी होतं. त्यामुळे आजच्या समीकरणानं काढलेलं नेमकं तापमान विश्वासार्ह नाही. फरक मात्र विश्वासार्ह आहे, कारण मॅग्नेशियम समुद्रात १ कोटी वर्षांहून जास्त काळ टिकतं आणि काही लाख वर्षांत हे गुणोत्तर फारसं हलत नाही.

फरक काढायला सोपं गणित पुरतं. संक्रमणानंतरचं गुणोत्तर आधीच्या गुणोत्तरानं भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि ०.०९ नं भागा. समजा मोलला ४.० मिलिमोलवरून ३.२ वर आलं. ०.८ चा लॉगॅरिदम उणे ०.२२३, भागिले ०.०९, म्हणजे सुमारे २.५ अंशांची घट.

वय

खोलीचं वर्षांत रूपांतर चुकलं तर दोन गाभ्यांची तुलना निरर्थक होते. इथे निसर्गानं मोठी सोय केली आहे. इटलीतल्या अँकोनाजवळच्या मासिन्यानो इथे ठरवलेली इओसीन–ऑलिगोसीन सीमा, ३ कोटी ३९ लाख वर्षं, ही हँटकेनिना या तरंगत्या फोरामच्या नामशेष होण्यावर आधारलेली आहे. तिच्या प्रत्येक कप्प्याच्या टोकाला लांब पोकळ काटा असतो. पूर्ण कवच नसलं तरी मोडके काटे सहज ओळखू येतात. मात्र एकट्या काट्यावर सीमा ठरवू नका, ते वरच्या थरात वाहून येतात. खालच्या बाजूला डिस्कोॲस्टर सायपानेन्सिस या नॅनोजीवाश्माचा (अतिसूक्ष्म तरंगत्या शैवालाच्या जीवाश्माचा) शेवट आणि वरच्या बाजूला सी१३एन या चुंबकीय पट्ट्याचा (पृथ्वीचं चुंबकत्व आजच्याच दिशेला असतानाच्या थराचा) तळ असे आणखी दोन खुंटे मिळतात. सीमा त्याच्या आधीच्या उलट्या पट्ट्यात, सी१३आर मध्ये, येते. ऑक्सिजनची मोठी उडी सीमेनंतर, सी१३एन च्या तळाजवळ येते. तुमच्या गाभ्यात ती हँटकेनिनाच्या खाली आली तर गाळ निसटला आहे किंवा नमुन्यांची अदलाबदल झाली आहे.

सेंद्रिय रेणूंची साक्ष

कॅल्साइटशी संबंध नसलेला पुरावा असेल तर उत्तमच. शीतशुष्क गाळ डायक्लोरोमिथेन आणि मेथॅनॉल ९ ला १ या मिश्रणात काढून अल्केनोन, म्हणजे तरंगत्या शैवालांनी बनवलेले लांब साखळीचे रेणू, वेगळे करा. दोन आणि तीन दुहेरी बंधांच्या रेणूंच्या गुणोत्तरातून तापमान मिळतं. २८–२९ अंशांच्या वर हे गुणोत्तर १ ला टेकतं आणि काहीच सांगत नाही, म्हणून उष्ण कटिबंधात ते उपयोगाचं नाही. तिथे आर्किआ या जिवाणूंसारख्या एकपेशीय जीवांच्या पटल-रेणूंवर आधारित टेक्स-८६ वापरा, पण बिट निर्देशांक ०.३ च्या वर असेल तर नदीनं आणलेल्या मातीची भेसळ समजून आकडा सोडून द्या. उच्च अक्षांशांवरच्या अशा नोंदींत या संक्रमणात सरासरी ५ अंशांच्या आसपास थंडी दिसते, उष्ण कटिबंधाच्या दुप्पट.

दोन्ही आकडे एकत्र

त्याच जातीच्या कवचांत ऑक्सिजनची वाढ समजा १.० आहे आणि मॅग्नेशियमनं २.५ अंशांची थंडी सांगितली. गरम पाण्यात अंशाला ०.२२ धरा, म्हणजे थंडीचा वाटा ०.५५. उरलेले ०.४५ पाण्याच्या बदलाचे: बर्फ, आणि त्या जागेपुरता खारटपणाचा फरक. खारटपणा बाजूला काढायला दोन वेगवेगळ्या महासागरांतल्या जागा ताडून पाहा. बर्फाचा ठसा सगळीकडे सारखा असतो.

मॅग्नेशियमच्या तापमानात १ अंशाची चूक गृहीत धरली की ०.४५ वर ०.२ ची अनिश्चितता येते, म्हणजे समुद्रपातळीत २० मीटर इकडे किंवा तिकडे. ती लिहा, झाकू नका. तापमानाच्या तक्त्यात केवळ अंश देऊ नका. जात, आकाराचा पट्टा, कवचांची संख्या, धुण्याच्या पायऱ्या, मूळ मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर आणि प्रत्येक नमुन्याचं अॅल्युमिनियम हे सगळं द्या. इओसीनच्या समुद्रातल्या मॅग्नेशियमचा अंदाज सुधारला की तुमच्या मूळ आकड्यांवरून नवं तापमान कुणालाही काढता आलं पाहिजे. प्रत्येक नमुन्यातली काही कवचं न फोडता, जातीचं नाव आणि खोली लिहून, वेगळ्या स्लाइडमध्ये जपून ठेवा.